त्रिशंकूखालचा तारा आणि रायपूरचं बाळ

ईरा आणि निनाद, आजी ऐन मे महिन्यात नाशिक सोडून रायपूरला कशाला गेली, असं तुम्ही फोनवर तीनदा विचारलंत. फोनवर तुमची शाळेची घाई असते आणि मला अर्धं ऐकू येत नाही. म्हणून घरी परतल्यावर, वही समोर ठेवून, हे नीट लिहिते आहे. कुठे अडलात तर आईला विचारा. तीही अडली तर मला विचारा.

कारण असं. रायपूरच्या समीरमामाला मुलगी झाली, ठरल्यापेक्षा दोन महिने आधी. आपल्यात बाळाचं नाव आत्या ठेवते, म्हणजे बाळाच्या वडिलांची बहीण. समीरला बहीण नाही. मग त्याची स्वतःची आत्या चालते, आणि ती मी. मी सामानाची यादी केली, वहीत बाराव्या दिवसावर खूण केली आणि मिळालं त्या गाडीचं तिकीट काढलं.

रविवार, तात्यापारा

स्टेशनवर दादा आला होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, समीरचे बाबा, तुमचे मामाआजोबा. रेल्वेच्या ऑफिसात चाळीस वर्षं काढल्यामुळे अजूनही गाडी किती मिनिटं उशिरा आली ते आधी सांगतो आणि मग विचारतो, कशी आहेस.

"काहून आणलं गं शालू एवढं सामान? बारशाले आली का बिऱ्हाड करायले?"

"त्यात अळीव आहेत, डिंक आहे, पल्लवीसाठी."

"रायपुरात डिंक भेटत नाही का? इथूनच तर जाते तुमच्याकडे."

सकाळचे साडेनऊ आणि ऊन असं, की रिक्षाच्या दांडीला हात लावला तर चटका. नौतपा सुरू झाला होता. मेच्या शेवटी नऊ दिवस सूर्य सगळ्यात जास्त तापतो, त्याला इकडे नौतपा म्हणतात आणि त्याबद्दल लोक एखाद्या तापट पाहुण्याबद्दल बोलावं तसं बोलतात. आला का? आला. किती दिवस राहिले?

तात्यापाऱ्यात दादाच्या घरी वहिनींनी जेवायला बासी दिली. रात्रीचा भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या पाण्यासकट मीठ, कच्चा कांदा आणि हिरवी मिरची घेऊन खायचा. नाशिकला आपण शिळा भात फोडणीला टाकतो. लहानपणी मी ही बासी नाक मुरडून खायची. या वेळी दोन वाट्या खाल्ल्या आणि दुपारभर पोटात गार वाटलं.

भांडी घासणाऱ्या सुखियाने मला पाहिल्याबरोबर विचारलं, "छट्ठी कब हे, दीदी?" छत्तीसगढी लोक बाळाचं नाव सहाव्या दिवशी ठेवतात आणि आपण बाराव्या. सहावा तर उलटूनही गेला होता. वहिनी आत गेल्या. मी म्हटलं, आमचं बाराव्या दिवशी असतं. ती म्हणाली, "हव," म्हणजे हो, आणि पुन्हा भांड्यांकडे वळली.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. बाळ काचेच्या पेटीत होतं. इतकं लहान, की त्याचा पंजा माझ्या अंगठ्याच्या नखावर मावला असता. नाकात नळी, पायाला चिकटपट्टी आणि त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, 'बेबी ऑफ पल्लवी'. वहिनी काचेबाहेरून रोज पाहत असल्यामुळे त्यांचं मत पक्कं झालं होतं. "नाक आपल्याकडचं आहे. हट्ट तिच्या आईकडचा."

पल्लवी बाकावर बसली होती. ती इथल्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते आणि तरुण ताऱ्यांवर तिने डॉक्टरेट केली आहे. ती माझ्या पाया पडायला वाकू लागली. मी तिला वाकू दिलं नाही. मग समीर आला, उरला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या रोलिंग मिलमधून थेट, भुवयांवर धूळ घेऊन. तो मराठी सगळं समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. मी विचारलं, बारशाचं काय ठरवलं आहे?

"देखते हैं, आत्या."

मी याचा अर्थ होकार असा घेतला. घरी येऊन वहीत तसं लिहिलं.

मंगळवार, सदर बाजार

माझ्या वहीत एक पान नावांचं आहे. नात्यात कुणाला कोणतं नाव आवडतं ते मी तिथे लिहून ठेवते. त्यात एक ओळ होती : समीर-पल्लवी, मुलगी झाली तर रेवा.

ओळ दोन वर्षांपूर्वीची. तेव्हाही पल्लवीला दिवस गेले होते आणि सहाव्या महिन्यात ते बाळ गेलं. मी फोन केला होता, पत्रही लिहिलं होतं. वहीतली ओळ मात्र तशीच राहिली. माझ्या हिशेबी ते नाव मोकळं होतं, वापरायचं राहून गेलेलं.

दादाला घेऊन मी सदर बाजारात गेले. स्कूटर आणि मोटारसायकलींमधून वाट काढत, भिंतीला चिकटून चालावं लागतं. सराफाच्या दुकानात चांदीची वाटी पसंत केली. नाव कोरायचं आहे म्हटल्यावर सराफाने कागद पुढे केला. मी ठळक अक्षरांत लिहिलं : रेवा. दादाने कागद पाहिला, टोपी काढली, पुन्हा घातली आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला. मला वाटलं त्याला ऊन बाधलं. मी त्याला लिंबूपाणी पाजलं.

संध्याकाळी दवाखान्यात मी डबी उघडून वाटी पल्लवीच्या हातात ठेवली. तिने अक्षरांवरून अंगठा फिरवला. एकदा, आणि परत एकदा.

"आत्या, हे तिचं नाव आहे."

"तिच्यासाठीच तर आणली."

"हिचं नाही." तिने काचेकडे बोट केलं. "तिचं."

तेव्हा मला कळलं. मुलांनो, चौऱ्याहत्तर वर्षांत मी पुष्कळ चुका केल्या, पण इतकी नीटनेटकी, कोरून आणलेली चूक एकही नाही. माफी मी मागायला हवी होती. पल्लवीनेच माझा हात धरला आणि म्हणाली, घरी जा आत्या, तुमचा चेहरा उतरला.

बुधवार, दवाखान्याचा बाक

दुसऱ्या दिवशी मी अळिवाची खीर थर्मासमध्ये घालून एकटीच गेले. म्हटलं, "ती वाटी दे. मी अक्षरं घासून आणते."

"नको," ती म्हणाली. खीर मात्र घेतली. थोडी खाल्ल्यावर तिने फोन काढून एक चित्र दाखवलं. काळ्या पार्श्वभूमीवर मधे एक झाकलेलं वर्तुळ आणि आजूबाजूला ठिपके. "तुम्हाला दाखवते. हा सूर्यासारखा तारा आहे, पण अगदी कोवळा."

तुम्हाला आवडेल म्हणून सगळं सांगते. या ताऱ्याचं यादीतलं नाव टीवायसी ८९९८-७६०-१. मी वहीत लिहून घेतलं आणि दोनदा तपासलं. लाखो ताऱ्यांची मोजदाद केली तेव्हा यालाही हा आकडा मिळाला, आणि पुष्कळ वर्षं कुणी त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. मग कोवळे सूर्य शोधणाऱ्या मोहिमेत दुर्बिणीतून त्याचा उजेड झाकून फोटो काढला, तेव्हा भोवती फिरणारे दोन ग्रह दिसले. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचे दोन ग्रह असे थेट फोटोत मिळाले, ही मोठी गोष्ट होती. लांब आकडा सारखा बोलायचा कोणी? म्हणून पुढे त्याला मोहिमेच्या आद्याक्षरांचं छोटं नाव मिळालं, आणि 'एक' हा क्रमांक.

"कोवळा हे कसं कळलं?" मी विचारलं. "जन्मदाखला तर नसेल."

"दोन गोष्टींवरून. त्याच्या उजेडात लिथियम दिसते. तारा म्हातारा झाला की ते जळून जाते. आणि दुसरं, तो कोणासोबत फिरून राहिला ते पाहायचं. एकाच ढगातून जन्मलेले तारे सोबत सरकतात. सोबतचे कोवळे, तर हाही कोवळा."

मला हसू आलं. दादा हेच करतो. कोणी मराठी माणूस भेटला की मूळ गाव कोणतं, आडनाव काय, मामा कुठले, आणि पाच मिनिटांत त्याचा वर्ग ठरतो. पल्लवीही हसली. त्या आठवड्यात मी तिला हसताना प्रथमच पाहिलं.

वय विचारलं तर म्हणाली, एक कोटी सत्तर लाख वर्षं धरा, काही जण थोडं जास्त सांगतात. आपला सूर्य चारशे साठ कोटींचा. मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. सूर्य माझ्या वयाचा धरला, तर हा तारा जेमतेम सव्वातीन महिन्यांचा. रंगाने सध्या किंचित केशरी आहे, म्हणून त्याचा वर्ग 'के' लावला आहे. वजन मात्र सूर्याएवढं. मोठा झाला की तोही पिवळट होईल.

ग्रहांची नावं ऐकून मी मास्तरीणबाईसारखी अडले. पहिला सापडला त्याला 'बी' आणि दुसऱ्याला 'सी'. मग 'ए' कुठे गेला?

"'ए' ताऱ्यासाठी असते. ते कोणाला देत नाहीत. आणि आत्या, एकदा दिलेलं अक्षरही आम्ही सहसा दुसऱ्याला देत नाही. पुढे कळलं की तिथे ग्रह नव्हताच, तरी नाही. ती जागा तशीच ठेवतात." मग पर्समधली डबी दाखवून ती म्हणाली, "म्हणून घासू नका. ती माझ्याजवळ राहू द्या."

मी मान हलवली आणि धीर करून विचारलं, "मग हिचं काय? हिला नाव कधी?"

तिने फोनवरचं चित्र पुन्हा माझ्यापुढे धरलं. "हे सगळे ठिपके पाहता ना? पहिल्या फोटोत पुष्कळ दिसतात. बहुतेक मागचे तारे, उगाच त्या जागी आलेले. त्यांना आम्ही ग्रह म्हणत नाही, उमेदवार म्हणतो. वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा फोटो काढायचा. जो ठिपका ताऱ्यासोबत सरकला तो त्याचा. जो मागे राहिला तो नव्हताच." तिने फोन बंद केला. "मागच्या वेळी मी पहिल्याच फोटोवर नाव ठेवलं. या वेळी दुसऱ्याची वाट पाहून राहिली."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, नळीशिवाय श्वास घेतला आणि वजन घसरलं नाही, तर पेटीतून काढू. ती त्याची वाट पाहत होती. बारावा दिवस दुसऱ्याच दिवशी होता. घरी आल्यावर मी वहीतली ती खूण खोडली.

शुक्रवार, अभनपूर

पल्लवीच समीरला म्हणाली, आत्याला शहराबाहेर घेऊन जा, मी तर निघू शकत नाही. तो तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीच, पण तो आहे ती जागा तरी पाहून या.

रायपुरातून दक्षिणेचं आकाश दिसत नाही, दिवे आणि धूळ. म्हणून समीरने संध्याकाळी गाडी काढली आणि दादाला आणि मला अभनपूरला, दादाच्या एका ऑफिसातल्या मित्राच्या शेतावर नेलं. शहर पाठीमागे राहतं आणि समोर सपाट, कापणी झालेली धानाची शेतं. मित्राच्या घरच्यांनी आधी फरा खायला घातला, तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या लांबट गोळ्या, मोहरी-तिळाच्या फोडणीच्या. आपल्या मुटक्यांच्या चुलत बहिणी म्हणा. दादाने आठ खाल्ले आणि भूक नाही म्हणाला.

अंधार पडल्यावर, साडेआठच्या सुमारास, आम्ही बांधावर उभे राहिलो. दक्षिणेला क्षितिजाजवळ मला चार दिवे दिसले. मी हात जोडून म्हटलं, "किती स्वच्छ दिसतो त्रिशंकू."

समीर खाकरला. "आत्या, वो मोबाइल टावर है।"

"शाळेत शिकवत होती ना तू?" दादा म्हणाला.

"इंग्रजी शिकवत होते."

खरा त्रिशंकू टॉवरच्या डावीकडे होता. हात लांब करून चार-पाच बोटं धरली तर तेवढाच क्षितिजाच्या वर. चार ताऱ्यांची तिरकी फुली, धुरकट. त्याच्या खाली आणखी डावीकडे, क्षितिजापासून दोन बोटांवर, आमचा तारा होता, आणि तिथे धुळीशिवाय काहीही नव्हतं. तरी मी तिथे पाहत राहिले. त्याचा उजेड तीनशेहून थोडी जास्त वर्षं चालत इथे पोचतो. म्हणजे आपले पूर्वज मराठ्यांच्या लष्कराबरोबर या मुलखात यायच्याही आधी तो निघालेला.

तुमच्या मेलबर्नला हीच जागा जवळजवळ डोक्यावर असते आणि कधीच मावळत नाही. मेच्या संध्याकाळी अंगणात जा, मान वर करा, चार ताऱ्यांची फुली शोधा. तिच्या शेजारी फिकट ताऱ्यांचा एक लहानसा पुंजका आहे, त्याला माशी म्हणतात. तो तारा त्या माशीत आहे. मला इथून जे दिसलं नाही, ते तुम्हाला तिथूनही दिसणार नाही, पण तुमचं बोट बरोबर जागी जाईल.

समीर गाडीकडे गेल्यावर दादा हळूच म्हणाला, "शालू, मले ठाऊक होतं. त्या नावाचं."

"आणि दुकानात गप्प बसलास?"

"तू यादी काढली की तुझ्यासमोर कोण बोलते? लहानपणापासून कोणी बोललं का?" मग म्हणाला, "आणि खरं सांगू का, दोन वर्षांत ते नाव घरात कोणी घेतलं नाही. तू कागदावर लिहिलं तर मले ते पाहूनच राहावं वाटलं. चूक माझीही आहे."

मी त्याचा हात धरला. बांधावरून उतरताना आम्हा दोघांनाही आधार हवाच होता.

पुढचा बुधवार, पुन्हा दवाखाना

मधल्या दिवसांत काही घडलं नाही, आणि तेच आम्हाला हवं होतं. शनिवारी नळी काढली. रविवारी वजन वीस ग्रॅम उतरलं आणि घरात कोणी धड जेवलं नाही. सोमवारी ते परत भरलं, मंगळवारी वर गेलं. वहिनी रोज सकाळी आकडा ऐकून देवासमोर जात आणि तिथेही आकडाच सांगत असाव्यात.

बुधवारी दुपारी पल्लवीचा फोन आला. "आत्या, तुम्ही या. आईंनाही आणा."

बाळाला पेटीतून काढलं होतं. पल्लवी आरामखुर्चीत बसली होती आणि बाळ तिच्या छातीवर, कातडीला कातडी लावून, वरून चादर. आत एकाच बाईला जाता येणार होतं. मी कोपरापर्यंत हात धुतले, हिरवा झगा घातला, मास्क लावला. वहिनी काचेबाहेर राहिल्या.

पल्लवी हळू आवाजात म्हणाली, "काल रात्रभर मोजून राहिली मी. तिचा श्वास आणि माझा." आणि मग, "नाव ठेवा."

"इथे? पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत."

"इथंच."

"कोणतं ठेवू? या वेळी वही आणलेली नाही."

तिने मला जवळ बोलावून ते सांगितलं. अनुजा. पाठची. "रेवाच्या पाठची," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिचा आवाज हलला नाही.

मी वाकले. कान एवढासा, बेदाण्यासारखा. मास्कमधून जमेल तसं कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. या वेळी आत्याच्या पाठीत बायकांनी धपाटे घालायचे असतात. वहिनी काचेपलीकडून मूठ उगारून हवेत मारत होत्या आणि नर्सदीदीला वाटलं त्या चिडल्या आहेत. पल्लवीने तिला हिंदीत रीत समजावली. नर्सदीदीने डोकं हलवलं, माझ्याकडे पाहिलं, "सॉरी हाँ, अम्मा," म्हणाली, आणि पाठीत एक बेताचा धपाटा घातला.

त्या हालचालीने चादर सरकली आणि बाळाचा एक हात बाहेर आला, बोटं फाकलेली. पल्लवीने तो आत घातला. हात पुन्हा बाहेर आला. तिने पुन्हा घातला. तिसऱ्यांदा बाहेर आला तेव्हा, अठरा दिवसांत जिला तिने हाक मारायचंच टाळलं होतं, तिला ती आयुष्यात पहिल्यांदा रागावली.

"अनुजा, हात आत घे. थंडी वाजेल."